स्क्रू फिरवला, बिघाड तसाच

पावसाळ्यातल्या रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीपाशी पानशेतकडे निघालेल्या गाड्या खोळंबतात. त्या रांगेत दुचाकींचीच गर्दी असते आणि त्यांतल्या कितीतरी जणांचा उजवा हात ॲक्सिलरेटरवर सतत हलत असतो. गाडी जागची हलत नाही, मग हात का हलतो? कारण तो सोडला की इंजिन बंद पडते. पुढे मोकळ्या रस्त्याला लागल्यावर, धरणाच्या काठाने जाताना किंवा पाबे घाटाने वेल्ह्याकडे चढताना हीच गाडी बिनतक्रार चालते. त्यामुळे मालकाची समजूत होते की गाडी ठणठणीत आहे, फक्त ‘रेस कमी झाली’ आहे. पहिले गॅरेज दिसले की तो थांबतो आणि ‘रेस जरा वाढवून द्या’ म्हणतो. मेकॅनिक कार्बोरेटरच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा आवळतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि काम झाले असे दोघेही समजतात. एवढ्याशा कामाचे पैसेही बहुतेक वेळा कोणी घेत नाही. महाराष्ट्रभर रोज होणारी ही दुरुस्ती मुळात दुरुस्तीच नाही आणि ती बंद व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. आयडलिंगला, म्हणजे इंजिन रिकामे फिरत असताना, ते नीट चालत नसेल तर आत काहीतरी बिघडू लागल्याची ती सर्वांत आधीची खूण असते. स्क्रू फिरवून आपण खूण पुसतो आणि बिघाड आत तसाच वाढत राहतो.

बिघाड आधी आयडलिंगलाच का दिसतो, हे समजून घेणे अवघड नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला असतो तेव्हा कार्बोरेटरमधला हवेचा मार्ग जवळपास बंद असतो, जेमतेम फट उरते. तरीही इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेरे घेत असते. आपल्याकडच्या बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांसाठी कंपन्या सांगतात तो आकडा याच्याच आसपास असतो. पिस्टन हवा ओढतो आहे आणि पुढचा मार्ग बंद आहे, अशा स्थितीत कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीत ओढ सर्वांत जास्त असते. हवा थोडी, म्हणून पेट्रोलही थोडेच लागते, आणि ते येते स्लो जेट नावाच्या बारीक तोटीतून. केहिन कार्बोरेटरच्या स्लो जेटवर ३५ हा आकडा असेल तर त्याचे छिद्र ०.३५ मिलिमीटरचे असते. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीतले पेट्रोल उडून मागे जो चिकट थर उरतो, तो एवढे छिद्र बुजवायला पुरेसा होतो. तसेच कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीच्या रबराला चीर गेली तर तिच्यातून फुकटची हवा आत शिरते. दिवसाला दोनशे रुपये कमावणाऱ्याचे पन्नास हरवले तर त्याची चूल अडते, दोन हजार कमावणाऱ्याला ते जाणवतही नाही. इंजिनाचे तसेच आहे. भरधाव वेगात ते इतकी हवा घेत असते की चिरेतून आलेली हवा त्यात खपून जाते, आणि आयडलिंगला तीच हवा सगळे गणित बिघडवते. ‘पळताना तर छान पळते’ हे म्हणूनच गाडी ठीक असल्याचे प्रमाणपत्र ठरत नाही. बिघाड अजून लहान आहे आणि हातात वेळ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हा प्रश्न फक्त सहलीला निघालेल्या पुणेकरांचा असता तर त्याला वर्तमानपत्रात एवढी जागा देण्याचे कारण नव्हते. तो धरणामागच्या गावांचाही आहे. पानशेत म्हटले की जुन्या पुणेकराला धरण फुटून आलेला १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. धरण पुन्हा उभे राहिले, शेजारी मोसे नदीवर वरसगावचे धरण झाले, आणि दोन्ही जलाशयांच्या काठाकाठाने, पाण्याला वळसे घालत जाणारे रस्ते वेल्हे तालुक्याच्या (आता राजगड तालुका) वाट्याला आले. इथल्या वाड्यावस्त्यांना एसटीच्या फेऱ्या मोजक्या. दुधाचे कॅन, खताची पोती, दवाखान्याची घाई, कॉलेजची मुले, सगळे काही शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलीवरच चालते. सह्याद्रीची मुख्य रांग जवळ असल्याने पाऊस धो धो. चार महिने हवेचा फिल्टर दमट, प्लगची टोपी दमट, आणि अंगणात उघड्यावर उभ्या गाडीच्या टाकीत झाकणाच्या जुन्या रबरातून उतरलेले पाणी. आयडलिंगचे बिघाड पिकायला याहून अनुकूल जागा शोधूनही सापडणार नाही. शहरात गाडी बंद पडली तर रिक्षा मिळते. धरणाच्या मागच्या बाजूच्या गावातल्या माणसाला ती सोय नाही. म्हणून ज्याच्या गाडीचे निदान सर्वांत काळजीपूर्वक व्हायला हवे, नेमकी त्याच्याच वाट्याला स्क्रूची दुरुस्ती येते, याची मला चीड आहे.

स्क्रू फिरवण्याने नेमके होते काय, ते जवळून पाहू. कार्बोरेटरवर सहसा दोन स्क्रू असतात. एक ठळक, स्प्रिंग लावलेला, सहज हाती लागणारा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर आतली स्लाइड किंवा झडप किती उघडी राहावी, एवढेच तो ठरवतो. दुसरा लहान आणि आत दडलेला. आयडलिंगच्या वेळी हवा आणि पेट्रोल किती मिसळावे हे तो ठरवतो. गॅरेजमध्ये फिरतो तो पहिला. तो आवळला की झडप जरा जास्त उघडते, आणि स्लो जेट अर्धे तुंबलेले असले तरी पुढच्या मार्गातून पेट्रोल येऊ लागते. ज्या मार्गाने इंजिन चालायला हवे तो बंदच राहतो आणि ते दुसऱ्या मार्गावर भागवून घेते. यानंतर लहान स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन दाद देत नाही, कारण झडप आता त्याच्या हद्दीपलीकडे उघडलेली असते. म्हणजे पुढच्या वेळी खरोखर काळजीने तपासणारा मेकॅनिक भेटला तरी त्याच्या हाती काही लागत नाही, पुरावाच पुसला गेलेला असतो. शिवाय १४०० चे १९०० फेरे केले तर एक तृतीयांशाहून अधिक वाढ झाली. चौपाटीच्या रांगेत उभ्या गाडीला वारा नसतो, हवेने थंड होणारे इंजिन आणखी तापते आणि पेट्रोल उभ्या जागी जळते. पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. पाबे घाट उतरताना तर हे धोक्याचेच आहे. वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाने गाडीला मागे धरायला हवे. रेस वाढवलेले इंजिन उलट पुढे ढकलत राहते आणि सगळा भार पावसात भिजलेल्या ब्रेकवर येतो.

सर्वांत महागात पडणारा प्रकार टॅपेटचा, आणि त्यात आपण गाडीमालकही तितकेच दोषी आहोत. व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये थोडी फट, म्हणजे टॅपेटची फट, ठेवावी लागते. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. लहान इंजिनांत ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास. गाडी चालत जाते तसा व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजून आत बसत जातो आणि ही फट कमी होते. इंजिन तापले की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी लांबते, उरलीसुरली फटही संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग दाब गळतो. वेगात ते लक्षात येत नाही, आयडलिंगला मात्र इंजिन दम तोडते. सकाळी थंड गाडी छान उभी राहते आणि तासाभराने सिग्नलला बंद पडते, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. आता गंमत नव्हे, दुर्दैव असे की फट जास्त झालेले टॅपेट खटखट वाजतात आणि फट संपलेले टॅपेट एकदम शांत असतात. गिऱ्हाइकाला आवाज नको असतो. ‘टॅपेट वाजतायत, जरा बसवून द्या’ ही मागणी आली की फट आणखी कमी केली जाते, गाडी शांत होते, सगळे खूश. मग ती तापल्यावर बंद पडू लागते आणि त्यावर उपाय म्हणून रेस वाढवली जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थंड होतो तो मुख्यतः बैठकीला टेकून राहिल्यामुळे. टेकणेच कमी झाले की त्याची कड जळू लागते, आणि शेवटी हेड खोलून व्हॉल्व्ह बदलायची, बैठक घासायची वेळ येते. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन वरच्या टोकाला आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, फिलर गेजची पातळ पट्टी घालून अर्ध्या तासात जे काम झाले असते, ते टाळल्याची ही किंमत. फिलर गेज ही काही महागडी वस्तू नव्हे. तरीही अंदाजाने, बोटाने रॉकर हलवून ‘बसवलेले’ टॅपेट हीच आपल्याकडची रीत आहे.

मग निदान कसे करावे? स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न ‘काय होते’ हा नसून ‘कधी होते’ हा आहे. फक्त थंड असताना बंद पडते का? तापल्यावरच? पाऊस पडून गेल्यावर? टाकी भरल्यानंतर लगेच? पंधरा दिवस उभी राहिल्यावर? या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मी कारणे बाजूला पडतात. चोक अर्धा ओढून ठेवला तरच गाडी उभी राहते, असे मालक म्हणाला तर स्लो जेटकडे किंवा रबरातल्या चिरेकडे संशय जातो, कारण पेट्रोल कमी किंवा हवा जास्त असल्याशिवाय तापलेल्या इंजिनाला चोक लागत नाही. उलट चोक सुटतच नसेल किंवा फिल्टर चोंदला असेल तर प्लग काजळीने काळाकुट्ट निघतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फेरे चटकन खाली न येता वरच रेंगाळत असतील तर दोन शक्यता, केबल अडकते आहे किंवा कुठूनतरी जादा हवा येते आहे. यातली पहिली तपासायला पैसाही लागत नाही. इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. फेरे बदलले तर केबल आखूड बसली आहे किंवा चुकीच्या जागेतून ओवली आहे. वीस मिनिटे नीट चालून गाडी मरते आणि जरा थांबल्यावर पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर मेल्या क्षणी टाकीचे झाकण उघडायचे. हवा आत शिरल्याचा सूं आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. पेट्रोल खाली उतरत नव्हते. तापल्यावरच बंद पडते आणि टॅपेटची फट बरोबर आहे, तर गरम इंजिनावर प्लगची ठिणगी पाहायची, कारण कॉइलही तापल्यावर दगा देते. रबराची चीर शोधायला बाहेरून थोडे साबणाचे पाणी सोडले तरी पुरते. फेरे क्षणभर बदलले की जागा सापडली.

पानशेतसारख्या पावसाळी भागात तर कार्बोरेटरच्या तळाशी असलेला ड्रेनचा लहानसा स्क्रू सर्वांत आधी उघडायला हवा. फ्लोट बाऊलमधले पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्यायचे आणि दोन मिनिटे उजेडात धरायचे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते, थेंब गोल गोल घरंगळतात. याला ना कार्बोरेटर उतरवावा लागतो, ना जेट काढावे लागते. जेट काढायचेच झाले तर ते तारेने कोचू नये, हेही सांगायला हवे. पितळ मऊ असते, ०.३५ चे छिद्र ०.४० चे झाले की ती गाडी पुन्हा कधी नीट स्थिरावत नाही आणि दोष मात्र कंपनीला जातो. हे सगळे पाहून झाल्यावर, इंजिन पुरेसे तापवून, आधी मिश्रणाचा लहान स्क्रू आणि मग सर्वांत शेवटी रेसचा स्क्रू. त्याचे काम शेवटचे आहे, आपण त्याला पहिले करून टाकले आहे.

यावर पहिला आक्षेप गॅरेजमधूनच येईल, आणि तो पोकळ नाही. अनुभवी मेकॅनिकला आवाजावरून कळते, त्याला प्रश्नावली कशाला? शिवाय दुधाची वेळ टळत असताना गिऱ्हाईक अर्धा तास थांबायला तयार नसते. कानाबद्दल मला पूर्ण आदर आहे. वर्षानुवर्षे इंजिने ऐकलेला माणूस बिघाड आहे हे कोणत्याही यंत्राआधी सांगू शकतो. पण तुंबलेले जेट, चिरलेले रबर आणि गळका व्हॉल्व्ह ही तिन्ही कारणे कानाला पुष्कळदा एकच आवाज देतात. त्यांतून एक निवडायला क्रमाने तपासावेच लागते. घाईचे म्हणाल तर वेळ निभावण्यासाठी रेस वाढवून देण्यात गैर काही नाही. अट एवढीच की स्क्रू किती फिरवला ते मोजावे, गिऱ्हाइकाला सांगावे आणि ‘ही तात्पुरती सोय आहे, अमुक दिवशी गाडी थंड असताना घेऊन या’ असेही सांगावे. तात्पुरत्या सोयीला दुरुस्ती म्हणून खपवणे, माझा आक्षेप त्याला आहे. आणि गरीब माणसाला निदान परवडत नाही, या युक्तिवादात तर उलटाच हिशेब आहे. ज्याला हेड खोलण्याचा खर्च परवडत नाही, त्यालाच टॅपेटच्या अर्ध्या तासाची सर्वांत जास्त गरज आहे.

दुसरा आक्षेप असा की दोष गाडीचा नाही, बाहेरचा आहे: डोंगरातली विरळ हवा आणि पंपावरच्या पेट्रोलमधले इथेनॉल. हवेचे आधी निकालात काढू. पुणे आणि पानशेत यांच्या उंचीत जेमतेम शंभरएक मीटरचा फरक, म्हणजे हवेच्या दाबात साधारण एक टक्का. त्याने कोणतीही धडधाकट गाडी बंद पडत नाही. महाडहून वरंधा घाट चढून भोरला आलेल्या गाडीच्या बाबतीत हा फरक सहा-सात टक्क्यांवर जातो. आयडलिंग किंचित जड होते, पण बंद पडायला आणखी काही कारण लागते. इथेनॉलचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब सुमारे १३.५ वर येतो. शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या जुन्या कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने इंधन देतो आणि मिश्रण आठेक टक्क्यांनी पातळ होते. त्याचा पहिला परिणाम आयडलिंगवर दिसतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, आणि त्यासाठी न बनवलेली जुनी रबरे व ओ-रिंग त्यात फुगतात, ठिसूळ होतात. वीस टक्के मिश्रणाला साजेसे भाग वापरून गाड्या बनू लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून. वेल्ह्या-भोरच्या गावांत त्याआधीच्या गाड्या भरपूर आहेत. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. ऊस पिकवणाऱ्या पुणे जिल्ह्याला त्याचा फायदा आहे, तो मला मान्य आहे. पण जुन्या गाड्यांच्या मालकांना या बदलाची तयारी करून द्यायला हवी होती. तरीही या कारणाने स्क्रू फिरवण्याचे समर्थन होत नाही. पातळ मिश्रणावरचा इलाज मिश्रणाचा स्क्रू, गरज पडल्यास एका मापाने मोठे स्लो जेट आणि नवी रबरे हा आहे. रेस वाढवल्याने मिश्रण सुधारत नाही. इथेनॉलचे नाव घेऊन प्रत्येक बिघाड त्याच्या माथी मारणे हीसुद्धा निदान टाळण्याचीच एक पळवाट आहे.

तिसरा आक्षेप नव्या गाड्यांचा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आले, दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला, फ्युएल इंजेक्शन आले. मग ही चर्चा कालबाह्य नाही का? तसे मला वाटत नाही. इंजेक्शनची गाडी हवेचा दाब स्वतः मोजते, ऑक्सिजन सेन्सर असेल तर मिश्रणही दुरुस्त करून घेते, हे खरे. पण चिरलेले रबर, मिटत नसलेला व्हॉल्व्ह, दमट फिल्टर, दुबळी ठिणगी आणि टाकीतले पाणी तिलाही चुकलेले नाही. त्यात थ्रॉटल बॉडीच्या कडेला साचणारी काजळी आणि आयडलिंगची हवा सांभाळणारा लहानसा व्हॉल्व्ह यांची भर पडली. म्हणजे कारणे वाढलीच, आणि जुन्या सवयीने कोणी थ्रॉटल बॉडीवरचा कंपनीने सील केलेला स्टॉप स्क्रू फिरवला तर गाडीच्या संगणकाचा अंदाजच चुकतो आणि साधी काजळीची तक्रार आठवडाभराच्या डोकेदुखीवर जाते. इंजेक्शनच्या गाडीत एक सोय मात्र मोठी आहे. चेक इंजिनचा दिवा लागला की आत कोड नोंदवलेला असतो, बिघाड कोणत्या भागात शोधायचा हे तो सांगतो. तो वाचायला स्कॅनर लागतो आणि गावातल्या गॅरेजकडे सहसा तो नसतो.

आपल्याकडे निदानाचे एक साधन मात्र आधीच प्रत्येकाच्या खिशात आहे आणि ते कोणी उघडून वाचत नाही. पीयूसीची पावती. दुचाकीची ही तपासणी नियमानुसार इंजिन रिकामे फिरत असतानाच होते. म्हणजे सरकारनेही इंजिनाची तब्येत पाहायला हीच अवस्था निवडली आहे. २००० सालानंतरच्या, भारत स्टेज ४ च्या आधीच्या चार-स्ट्रोक गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४५०० पीपीएम आहे. आपण फक्त ‘पास’ हा शब्द बघतो आणि पोलिसाला दाखवायला कागद जपतो. पण ते दोन आकडे बोलके असतात. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या जवळ असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे: चोक, फिल्टर, फ्लोट पाहा. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि तरी हायड्रोकार्बन जास्त असेल तर पेट्रोल न जळता बाहेर पडते आहे: ठिणगी, हवेची गळती, व्हॉल्व्ह पाहा. मागच्या आणि आताच्या पावत्या शेजारी ठेवल्या तर बिघाड कोणत्या दिशेने चालला आहे तेही दिसते. नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे आकडे झाकतो, त्यामुळे तिथे हा उपाय थिटा पडतो. पण वेल्ह्याच्या रस्त्यांवरच्या जुन्या गाड्यांना तो चपखल लागू आहे. अर्थात नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घालून मोजले असेल तरच.

मेकॅनिक स्क्रूकडेच का वळतो, याचे शेवटचे आणि मला वाटते खरे कारण पैशाचे आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. प्लग बदलला तर बिल निमूट भरतो. वीस मिनिटे तपासून ‘प्लग चांगला आहे, केबल आखूड बसली होती, नीट केली’ असे सांगणाऱ्याच्या हातावर दहा रुपये ठेवताना घासाघीस करतो. मग तो पुढच्या वेळी प्लग बदलूनच देतो, त्याला दोष कसा द्यावा? तपासणीची मजुरी बिलात वेगळी लिहिली जावी आणि ती गिऱ्हाइकाने तक्रार न करता द्यावी, एवढी एक गोष्ट बदलली तरी पुष्कळ फरक पडेल. उरलेले काम सरकार आणि कंपन्यांचे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात त्याचे पोर्टल सुरू झाले आणि त्यात वाहनांचाही समावेश आहे. पण कोडचा अर्थ, टॅपेटचे माप, आयडलिंगचा आकडा ही माहिती मराठीत, गावातल्या गॅरेजच्या भिंतीवर लावता येईल अशा तक्त्याच्या रूपात मिळायला हवी. ज्या पुण्यात आकुर्डीला बजाजने लाखो दुचाकी बनवल्या, वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआयसारखी वाहनसंशोधन संस्था इंजिने तपासते आहे, त्या पुण्यापासून चाळीसएक किलोमीटरवर फिलर गेज वापरायला शिकवणारा दोन दिवसांचा वर्ग भरवणे अशक्य नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी तो पावसाळ्याआधी, मे महिन्यात, वेल्ह्यात आणि भोरला घ्यावा. प्रत्येक तालुक्यात पाच-सहा गॅरेजांना मिळून वापरता येईल असा एक स्कॅनर ठेवावा, आणि गाडीमालकांनी सीटखाली एक कार्ड ठेवून त्यावर टॅपेट कधी तपासले, फट किती ठेवली, रबर कधी बदलले आणि रेसचा स्क्रू शेवटी कोणी, किती फिरवला हे मेकॅनिकला लिहायला लावावे.